नाशिकची तारीख

न्यायाधीशांनी चष्म्यावरून वैजयंताकडे पाहिलं. "माहेरी कुडाळला राहता, मग घटस्फोटाचा अर्ज तिथेच का नाही केलात? बायकोला तशी मुभा आहे."

तिने वळून आपल्या वकिलांकडे पाहिलं. ते फाईल चाळत राहिले. नाशिकलाच राहणारा नवरा आजही फिरकला नव्हता. पुन्हा पुढची तारीख मिळाली.

तापाने फणफणलेल्या लेकीला आईकडे ठेवून ती रात्रभर एसटीत बसून नाशिकला आली होती. व्हरांड्यात तिने वकिलांना गाठलं. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

विचारायचं काय, हेच तिला ठाऊक नव्हतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

ती बाकावर बसली. "आता सगळा कायदा मला नीट समजावून सांगा. वकील कोण ठेवायचा, ते त्यानंतर ठरवीन."