सासूबाईंच्या पसंतीचा क्लास

"हा बी नाही जमत," चंद्रभागाबाईंनी प्लास्टिकच्या खुर्चीवरून निकाल दिला. "मधात बतुकम्माच नाही. मंग ह्या बाया कोनाभवती फिरून राह्यल्या व?"

टाळी द्यायला उचललेले हात अर्पिताने तसेच खाली घेतले. फुलं रचून केलेल्या बतुकम्माभोवती बायका फेर धरतात, त्या तेलंगी नाचावर बेतलेल्या बतुकम्मा फिटनेसचा फुकट डेमो अजून अर्धासुद्धा झाला नव्हता. आदिलाबादेत नाचून बारीक करणारे क्लास इनमिन तीन, आणि तिन्ही सासूबाईंच्या परीक्षेत नापास.

आधी झुंबा झाला. शिकवणारा प्रज्वल हैदराबादहून आलेला, बिचारा जीव तोडून शिकवत होता. "पोट्टा बायाईकडं पाठ करून नाचते. शिकोते का रुसते?" नापास. मग फिल्मी गाण्यांवरचा क्लास. त्याला रस्त्याच्या बाजूने काच. "येनाऱ्या-जानाऱ्याईले फुकटचा तमाशा." तोही नापास. जन्मभर तलमडुगु गावाकडे लोकांच्या कापसात निंदण केलेल्या बाईला नाचातलं एवढं कळतं, हे अर्पिताला लग्नानंतर आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

बरं, मंजुरी त्यांचीच लागायची. हा हर्षदीपचा, म्हणजे नवऱ्याचा हुकूम. हर्षदीप सरकारी कचेरीत क्लार्क. चौदा एप्रिलला स्टेजवर चढला की स्त्रियांच्या हक्कांवर असा बोलायचा की ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवतच राहावं. घरी मात्र एकच वाक्य. "आई सोबत येईल, आन् आई म्हणल तोच क्लास." हक्काचं काय ते पुढच्या जयंतीला पाहू.

बारीक व्हायचं ते डॉक्टरांसाठी. शुगर काठावर आहे, आत्ताच हातपाय हलवा, असं त्यांनी बजावलं होतं. नाचायचं मात्र अर्पिताला स्वतःसाठी होतं. कॉलेजच्या गॅदरिंगला तिच्या नाचाशिवाय पडदा उघडत नसे. आता स्वयंपाकघरातून बेडरूम आणि बेडरूममधून स्वयंपाकघर, एवढंच तिचं स्टेज. दिवसातला एक तास तरी आपला असावा, बाकी काही मागणं नव्हतं. आणि नेमक्या त्याच तासावर सासूबाई फतकल मारून बसल्या होत्या.

त्यांचा उत्साह तर विचारूच नका. एरवी पाणी प्यायला उठायचं तरी गुडघ्यांना कळ लागायची. डेमोच्या दिवशी मात्र बाई क्लासचे जिने सुनेच्या आधी चढून वर. अर्पिताची वेणी होईस्तोवर इकडे मोरपंखी पातळ नेसून दारात हजर. क्लासात पाऊल टाकलं की कोणीतरी "अम्मा, कूर्चोंडि" म्हणत त्यांना बसायला खुर्ची टाकायचं. मग चपला काढून खुर्चीखाली सारायच्या आणि शेजारी जी कोणी बसली असेल तिचं माहेर, सासर, पोरंबाळं सगळं विचारून घ्यायचं. एवढं झालं की निकाल. पहारेकरी असावा तर असा, अर्पिता मनातल्या मनात दात खायची.

आजही परतीच्या ऑटोत बसल्या बसल्या सासूबाईंनी विचारलं, "मंग उद्या कोनता?"

अर्पिताचं डोकंच सणकलं.

"उद्या कोनताच नाही. सरले सगळे. मी झुंबा लावून राह्यली. शेजारची नेहा येते सोबतीले. तुमी आता येऊ नका, आई. तुमी घरी आराम करा."

आता महाभारत होणार म्हणून ती सावरून बसली. पण सासूबाई तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिल्या. घर आलं. उतरताना गुडघा मात्र परत दुखायला लागला होता.

चहा विचारायला अर्पिता आत गेली तर बाई मोरपंखी पातळाची घडी घालून पेटीत अगदी तळाशी ठेवत होत्या.

"झुंबाच बेस होता," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मले तं पयल्याच दिवशी आवडला होता."

"मंग नाही काऊन म्हटलं?"

"हो म्हटलं असतं, तं दुसऱ्या दिवशी मले कोनं नेलं असतं?" बाईंनी पेटीचं झाकण लावलं. "निंदाले जावो तवा बायाईचा घोळका राहे. गाने म्हणो, हासो. पोरानं इथं आनलं आन् म्हणे, आता काईच करू नको, आराम कर. आराम करून करून जीव चालला व माया."

 अर्पिताला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखी. मघाशी 'आराम करा' म्हणून आपण या बाईला परत त्याच आरामात कोंडलं होतं.

बाहेर बाबासाहेबांच्या फोटोखालच्या सोफ्यावरून हर्षदीपने हाक मारली. "काय ठरलं? आईनं कोनता म्हटला?"

अर्पिता दारात आली. "झुंबा. पण आईंचा त्या पोट्ट्यावर भरोसा नाही. रोज सोबत येऊन पाहा लागल म्हणतात."

"बराबर हाय," मोबाईलमधून मान वर न काढता हर्षदीप म्हणाला. "आईची नजर पाह्यजेच."

आत पेटीचं झाकण करकरलं. चंद्रभागाबाई मोरपंखी पातळ छातीशी धरून बाहेर आल्या.

"पाहाच लागते बाप्पा!" त्यांनी लेकाला ऐकू जाईल असं ठणकावलं. मग सुनेच्या कानाशी वाकल्या.

"त्या पोट्ट्याले सांगून ठेव. उद्या खुर्ची नको टाकू म्हणा."