बेचाळीस बरोबर

"आंगठा दे," जयसिंगराव कारकून सुटकेची पावती पुढं करत तिसऱ्यांदा म्हणाले.

धुळा धनगर कोंडवाड्याच्या फाटकात उभाच. फाटक सताड उघडं होतं आणि एकही मेंढरू बाहेर येत नव्हतं. उन्हं कलली होती. दिवस मावळायच्या आत कळप बाहेर पडला नाही, तर उद्या सकाळी त्याचा लिलाव. तसा हुकूमच होता. मुठ्याच्या माळावर सरकारनं लावलेली सागाची रोपं मेंढरांनी खाल्ली होती. सरकारनं लावलीत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"काल मी स्वतः मोजली, बेचाळीस. आज मोजली, बेचाळीस. आणखी काय पाहिजे तुला?"

"भोरी पायजे. भोरी न्हाई ह्यात."

"मग बेचाळीस भरली कशी?"

"त्ये मला काय म्हाईत? आमी मोजत न्हाई सायब. मोजलं की घटतं."

जयसिंगरावांना हसूही आलं नाही. मोजलेली वस्तू हरवूच शकत नाही, अशी त्यांची श्रद्धा. पुण्याच्या घरी ते जिनासुद्धा पायऱ्या मोजत चढत. न जाणो, एखादी कमी झाली असली तर.

धुळा आत गेला. लग्नाच्या मांडवात सोयरे बघत हिंडावं तसा मेंढरांची तोंडं बघत हिंडला आणि एक कोकरू उचलून घेऊन आला. ते अजून पायांवर नीट उभं राहत नव्हतं.

"ह्ये गव्हाळीचं. रातच्याला झालंय. काल ह्ये नव्हतं, भोरी व्हती."

"म्हणजे एक गेलं, एक आलं. तुझं नुकसान काय झालं?"

"सायब, पोरं किती तुमाला?"

"चार."

"त्यातलं एक मी ठिवून घेतो. बदली माजं एक पाठवतो. चारच भरतील."

जयसिंगरावांचा टाक थांबला. रेशनकार्डावर पोरं कायम 'चार' होती. आज पहिल्यांदाच एकेक करून डोळ्यांसमोर आली, धाकटा तर शेंबडासकट.

"ती असल्याबिगर ही हलायची न्हाईत," धुळा म्हणाला. "म्होरं भोरी, मागं समदी. गळ्यात पितळंची घंटा हाय तिच्या. जरा चिरकी वाजती."

घंटा म्हटल्यावर जयसिंगरावांच्या कपाळावरचं टेंगूळ ठणकलं. काल मोजणी उरकल्यावर कोंडवाड्याचा राखणदार कोंडाजी त्यांना आग्रहानं जेवायला घेऊन गेला होता. मटणाचा रस्सा फक्कड झाला होता. तीन वाट्या, त्याही त्यांनी मोजल्या होत्या. हात धुवायला उठताना खुंटीवरची घंटा कपाळावर आपटली होती. चिरकी वाजली होती.

त्यांनी कोंडाजीकडं पाहिलं. ढगांची राखणही आपल्याकडंच असल्यासारखा कोंडाजी आभाळाकडं बघत होता.

"कोंडाजी, घंटा आण."

घंटा आली. धुळानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. त्याची नजर कोंडाजीवर गेली, मग जयसिंगरावांच्या तोंडावर आली, तिथून सावकाश खाली उतरली आणि त्यांच्या पोटावर थांबली. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती.

धुळानं कुऱ्हाड खाली ठेवली. घंटेची दोरी सोडवत तो पुढं आला. का कुणास ठाऊक, जयसिंगरावांनी आपण होऊनच मान खाली केली.

"चाला म्होरं," धुळा म्हणाला.

जयसिंगरावांनी एक पाऊल टाकलं. गळ्यात घंटा वाजली. पाठीमागं आधी एक खूर वाजला, मग सगळे. फाटक ओलांडून कळप रानाच्या वाटेला लागला तेव्हा दिवस अजून कासराभर वर होता.

धुळानं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. सगळ्यात पुढं चाललेल्या जयसिंगरावांवर ती जराशी जास्त रेंगाळली.

"हां," तो म्हणाला, "आता समदी हायेत."