खुंटीवरचा रिमोट

सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये फेब्रुवारी सरता सरता सकाळ परत येते. पण हळूहळू, दुखण्यातून उठलेल्या माणसासारखी भिंत धरत. आधी धुक्यातला काळोख विरतो आणि त्याचे पातळ दूध होते. मग समोरच्या इमारतीमागून उभाच्या उभा चढणारा धूर कडेकडेने गुलाबी होतो. ती छटा मग खाली उतरू लागते, एकेका मजल्याच्या सज्ज्यावर टेकत, आणि शेवटी अंगणात गोधड्या पांघरून उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपांवर येऊन थांबते. खिडकीच्या काचेवर साचलेल्या बर्फात एर्चिमने श्वासाने नाण्याएवढे भोक पाडले होते आणि त्यातून तो हे सारे पाहत होता. उजेडाशी त्याला काही देणेघेणे नव्हते. त्याचा डोळा एका गाडीवर होता.

गाडी त्याच्या बायकोची, कुन्नेयची होती. रोज सकाळी ती बालवाडीत कामाला निघे, आणि ती जिना उतरण्याच्या कितीतरी आधी गाडी सुरू होऊन गरम होत राही. घरात बसून इंजिन सुरू करता येणारा दाराजवळच्या खुंटीवरचा रिमोट मात्र जागचा हलत नसे. एर्चिमने तो एकदा मुद्दाम उलटा टांगून पाहिला होता. संध्याकाळी तो उलटाच होता. दुसरा रिमोट, इंजिन सुरू झाले की चिवचिवून कळवणारा, गेल्या हिवाळ्यात कुठेतरी पडला, असे कुन्नेयने सांगितले होते. पडलेली वस्तू कोणाला तरी सापडते, हे एर्चिमला ठाऊक होते.

समोरच्या सज्ज्यात जुलुस्तान याच वेळी उभा असे. एका हातात सिगारेट, दुसरा खिशात. लहानपणी कुन्नेयच्या शाळेत शिकलेला हा रुंद खांद्यांचा, खळखळून हसणारा माणूस. अंगणात कोणाचेही इंजिन गोठले की बॅटरीला जोडायच्या तारा घेऊन धावणारा. एर्चिम वर्तमानपत्राचा मुद्रितशोधक होता, दुपारच्या पाळीचा. त्याच्या सकाळी पांघरुणात जात, पण खालच्या इंजिनाची घरघर तिथेही ऐकू येई. परवा जिन्यात जुलुस्तान म्हणाला होता, "कुन्नेयची मजा आहे बुवा! खाली यायच्या आत गाडी तयार. नशीब लागतं!"

एर्चिम कसनुसा हसला होता. चोरून झालेल्या भेटी, चोरटे स्पर्श, असले काही त्याच्या मनात येत नव्हते. त्याला जाळत होते ते वेगळेच. कोणीतरी रोज सकाळी डोळे उघडताच आठवण ठेवत होते की, आसन थंड असेल आणि कुन्नेयला त्यावर बसायचे आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने एकदा विचारले होते, "मी आवरेपर्यंत तेवढं बटण दाबशील का रे?" पांघरुणातूनच तो म्हणाला होता, "तुझ्या हाताला काय झालंय?" तिने पुन्हा विचारले नव्हते. पण तो विषय निराळा, असे त्याने आजही स्वतःला बजावले.

काल गावाहून सासूबाई आल्या होत्या, मात्र्योना, पोतेभर गोठलेले मासे घेऊन. आता त्या टेबलाशी बसून चहात दूध ओतत होत्या. कुन्नेय पाठमोरी, तव्यावर घावन घालत होती. आईसमोर तिला खोटे बोलता येणार नाही, हे एर्चिमने रात्रीच हेरून ठेवले होते. म्हणून तो आज लवकर उठला होता. खुंटीवरचा रिमोट त्याने मुठीत घट्ट धरला होता.

समोर जुलुस्तानचा खिशातला हात हलला, किंवा एर्चिमला तसे वाटले. खाली गाडीचे दिवे लुकलुकले आणि मागून पांढरा लोट उसळला.

"कुन्नेय," तो वळून म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "तुझी गाडी रोज कोण सुरू करतं?"

कुन्नेयच्या एप्रनच्या खिशात काहीतरी चिवचिवले.

पिठाने भरलेला हात तिने खिशावर दाबला. वळली नाही. एर्चिमला खिडकी, सज्जा, जुलुस्तान, सगळे एकदम दूर गेल्यासारखे वाटले. तो रिमोट कधी पडलाच नव्हता.

सासूबाईंचे लक्ष मात्र त्याच्या मुठीकडे होते. त्या हसता हसता ठसकल्या.

"हातात रिमोट, आणि वर वेड पांघरताय होय, जावईबापू? लाजताय कशाला! ही सांगते ना मला दर फोनवर. आई, मी खाली उतरेपर्यंत एर्चिमनं गाडी उबदार करून ठेवलेली असते म्हणते. माझ्या नवऱ्यानं जन्मभर मला थंडगार खोगिरावर बसवलं हो! गावभर सांगत सुटलेय मी, जावई असा मिळावा." मग किंचित पुढे झुकून, जरा मत्सरानेच, त्यांनी विचारले, "खरंच का हो, एक दिवसही चुकत नाही?"

तव्यावरचे घावन करपू लागले होते. कुन्नेय आता वळली. तिने नवऱ्याकडे पाहिले आणि मान अगदी थोडी हलवली, विनवल्यासारखी.

"नाही चुकत," एर्चिम म्हणाला.

त्याने मूठ उघडली. रिमोटवर दुकानातून चिकटून आलेला पारदर्शक कागद अजून तसाच होता. ते बटण त्याने आजवर एकदाही दाबले नव्हते.