शेवटचं कडवं

गाणी पंचफुलानं लिहायची आणि भीमजयंतीच्या कार्यक्रमात ती धाकट्या भावानं, संघदीपनं गायची, असं तीस वर्षं चालत आलेलं. त्याच्या नव्या रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड तिला घाटंजीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानावर दिसलं. भाऊ सांगायचं विसरला असेल, असं म्हणत तिनं ते हौसेनं विकत आणलं.

सून उर्वशी कार्ड फोनमध्ये टाकून ती गाणी वाजवायला बरंसं ॲप शोधू लागली. पहिल्यात दर गाण्यानंतर जाहिरात वाजे. दुसऱ्यात नुसतं गायकाचं नाव.

"गानाऱ्याचं हाय, मंग लिहिणारीचं कुठी गेलं?" पंचफुला फणकारली.

तिसऱ्या ॲपमध्ये गीतकाराचंही नाव येत होतं. उर्वशीनं ते वाचलं आणि जरा घुटमळली.

"आई, इथंबी संघदीप मामाचंच नाव हाय."

पंचफुलाला हसूच फुटलं. "ॲपले काय समजते वं! बहीणभावात गल्लत झाली त्याची. तू शेवटचं कडवं लाव. 'पंचफुला म्हणे, मी शिकली-सवरली लेक.' गान्यात ओवलेलं नाव कोन काढन?"

उर्वशीनं गाणं पुढं सरकवलं.



भावाचा तोच गोड आवाज घरभर घुमला, "संघदीप म्हणे, मी शिकला-सवरला लेक."