खोटं!

“त्या तिसऱ्या मजल्यावर एक घड्याळजी राहायचा. शेजाऱ्यांच्या चहाड्या सरकारला पुरवायचा!” प्रागच्या ‘हेरगिरीच्या पायवाटा’ या सहलीत हेमांगी मराठी पर्यटकांना रोज अकराला सांगायची.

लगेच वरची खिडकी उघडायची. घड्याळजीची म्हातारी बायको कुणाकडून तरी शिकलेला एकच मराठी शब्द ओरडायची, “खोटं!” मंडळी टाळ्या पिटायची. “वन्स मोअर!”

एकदा हेमांगीने सरकारी दप्तरातले जुने कागद काढून पाहिले. खरंच, माणूस निर्दोष होता. खजील होऊन ती वर गेली. चेक भाषेत म्हणाली, “चुकलं आमचं, आजी. उद्यापासून हा किस्सा बंद.”

म्हातारी घाबरली. “नको गं! खरं सांगितलंस तर इथे थांबणार कोण? उलट जरा मोठ्याने सांगत जा. हल्ली मला कमी ऐकू येतं.”