तिचं गाव कोणतं?

"मग या बाईचं स्वतःचं गाव कोणतं? एका वाक्यात सांगा," नागपूरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं आणि शिवकन्येच्या तोंडचं पाणी पळालं.

सहा वर्षं तिने याच बाईवर घालवली होती. गोऱ्यांच्या राज्यातल्या कादंबऱ्या, त्यांत नवऱ्यामागे परक्या मुलखात जाऊन मळा थाटणारी गोरी बाई, आणि तिच्यावर तीनशे पानांचा प्रबंध. आज परभणीच्या कॉलेजात पीएचडीची तोंडी परीक्षा होती. नागपूरच्या बाई परीक्षक म्हणून येणार हे कळल्यापासून शिवकन्येचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. यंदा दोन प्रबंध त्यांनी परत पाठवले होते म्हणे. तिसरा आपलाच, असं तिने मनोमन धरूनच ठेवलं होतं. त्यात प्राध्यापकाची जागा निघालेली, आणि अर्जाची मुदत महिनाभरात संपणार.

"दहा मिनिटं चहा घेऊ," बाई म्हणाल्या. "नंतर उत्तर द्या. नाहीतर शेवटचं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल."

पुन्हा लिहायचं म्हणजे वर्ष गेलं, आणि नोकरीही गेली.

शिवकन्या व्हरांड्यात आली. मागोमाग तिच्या सासूबाई, तानुबाई. सून बोलते कशी ते बघायचंच, असा हट्ट धरून त्या पेडगावहून आल्या होत्या. मागच्या रांगेत बसून सगळं इंग्रजी ऐकून घेतलं आणि बिचाऱ्या हिरमुसल्या.

"काय इचारायलीय ती बाई? तोंड का उतरलंय तुझं?"

आत्ता हे समजावत बसायचं शिवकन्येच्या अगदी जिवावर आलं होतं. तरी तिने सांगितलं.

"एक बाई नवऱ्यामागं लय दूर नांदायला गेली, आत्याबाई. तिथं तिला समदे विलायतेची म्हणतेत. विलायतेला गेली तर तिथले म्हणतेत, तू तिकडची. मग ती कुठली, असं इचारायल्यात."

तानुबाई हसल्याच. "आगं, यवढंच? बावन्न वर्सं झाली मला पेडगावात. गाव मला अजून बोरीकरीणच म्हणतंय. आन् बोरीला गेले की भावाच्या सुना म्हणतेत, पेडगावकरीण आली. मला तरी कुठं ठावं हाय, मी कुठली ते!"

नऊ वर्षं या बाईच्या हातचं खाल्लं, आणि तिला कधी हे विचारलं नाही, याची शिवकन्येला लाज वाटली.

आत गेल्यावर तिला इंग्रजी सुचेना. ती सरळ मराठीत बोलली. तिचे मार्गदर्शक दत्तराव सर यांनी कपाळाला हात लावला. तिने बोरीकरणीची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "बाई जिथे राहते तिथे तिला दुसऱ्याच गावाचं नाव मिळतं. कादंबरीतल्या बाईचंही तेच झालंय."

"पण तुमच्या सासूबाईंनी कुणाचा मुलूख बळकावला नव्हता," परीक्षक बाई म्हणाल्या.

"नव्हता. कादंबरीतल्या बाईने बळकावला. म्हणून तिला जमीन मिळाली, मॅडम. गाव नाही मिळालं."

बाईंनी प्रबंध मिटला. संपलं सगळं, शिवकन्येला वाटलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

बाईंनी पेन काढलं, पदवीच्या शिफारशीवर सही केली आणि कागद दत्तराव सरांकडे सरकवला. मग चष्मा काढून त्या मागच्या रांगेत बसलेल्या तानुबाईंकडे वळल्या.

"मावशी, बत्तीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या, "नागपुरात मला अजून परभणीकरीणच म्हणतेत. आन् आज सकाळपसून हितं समदे मला नागपूरच्या बाई म्हणायलेत."