इंदिराबाईंच्या वाटचं दही

"पोरी, तू दही घ्यायला आलीस की जावई बघायला?" मोतीलालशेठ शेवटी वैतागलेच.

वैतागणारच. कोकिळा अर्ध्या तासापासून त्यांच्या डेअरीत उभी होती. नववीतली मुलगी, खांद्याला दप्तर, हातात घरून आणलेली काचेची बरणी. म्हशीचं सायीचं दही तिने चाखलं आणि नको म्हणाली. गाईचं चाखलं. तेही नको. मडक्यातल्या गोड दह्याचा तर नुसता वास घेतला आणि मान हलवली. फडक्यात टांगलेला चक्का बघून म्हणाली, हा सगळ्यात आधी संपेल. शेठ म्हणाले, अगं, चांगला माल संपतोच. कोकिळाने कपाळाला हात लावला. हेच कोणाला समजत नव्हतं.

तिची आई, इंदिराबाई, टायफॉइडमधून नुकती उठली होती. वीस दिवस खाटेवर काढले होते. आता भाकऱ्या थापताना मध्येच भिंतीला टेकायची, डोळे मिटून घ्यायची आणि कोणी बघितलं की पुन्हा थापायला लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या बास, आता महिनाभर रोज वाटीभर घट्ट दही. नाही खाल्लं तर पुन्हा सलाईन लावायला यायचं. दही आणायचं काम कोकिळाने आपणहून अंगावर घेतलं. शाळेत प्रथिनांवर भाषण करून पहिला नंबर मिळवल्यापासून ती घरातली अर्धी डॉक्टर झाली होती.

सोमवारी तिने सायीचं दही आणलं. आईने ते सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या खिचडीवर घातलं, उरलेलं कोकिळाच्या वडिलांच्या, नानांच्या ताटात. मंगळवारी कोकिळाने मुद्दाम बिनसायीचं आणलं, म्हणजे कोणी विचारणार नाही. आईने त्यात कांदा चिरला, वरून तिखट-मीठ घातलं आणि नानांनी दोनदा वाढून घेतलं. बुधवारी चक्का आणला तर नेमकी नरडाण्याहून आत्या आली. आईने त्यात साखर घोटली. आत्या वाटी पुसून खाताना म्हणाली, वहिनी, तुझ्या हाताला चव आहे.

बरं, भांडावं तर कोणाशी? कोणी मागितलं नव्हतं, हिसकावलं तर नव्हतंच. आईच वाढायची. सगळे उठले की ती जेवायला बसायची आणि भाकरीच्या तुकड्याने पातेल्याच्या कडा पुसायची. कोकिळा चिडली की म्हणायची, माझं बाजूला काढून ठेवलंय गं. कोकिळाने दोनदा फडताळ उघडून बघितलं. बाजूला काही नसायचं.

"एकदाचं सांग तरी, कसलं दही पाहिजे?" शेठनी पळी आपटली.

"आईशिवाय घरातल्या कोणाच्या तोंडात जाणार नाही असं."

"असं दही म्हशीच्या हातात नाही, माझ्याही नाही."

मागे उभी असलेली बाई हसली. कोकिळाला रडू यायला लागलं, आणि चारचौघांत रडणं तिला मुळीच मंजूर नव्हतं. म्हणून ती रस्त्यापलीकडे बघत राहिली. पलीकडे डॉक्टरांचा दवाखाना होता. खिडकीत हिलाल कंपाउंडर बसला होता. लाल औषधाच्या बाटलीवर तो कागदाची पट्टी चिकटवत होता. एका कडेने खाचा पाडलेली पट्टी. दोन खाचांमधलं औषध म्हणजे एक डोस.

कोकिळा वळली. गाईचं द्या म्हणाली, बरणी गळ्यापर्यंत भरून. शेठनी तिचं मन बदलायच्या आत भरली.

बरणी खिडकीत ठेवून तिने तसलीच पट्टी मागितली तेव्हा हिलालला आधी वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पट्ट्या औषधाला लावतात, असं त्याने तिला समजावून सांगितलं. सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं.

"डॉक्टरांनीच लिहून दिलंय ना हे? मग औषधच झालं की."

हिलालने बरणीकडे बघितलं. आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघितलं. मग कात्री घेतली, चार खाचा पाडल्या, खळ लावून पट्टी नीट बसवली. पट्टीवर इंदिराबाईंचं नाव घातलं.

"जेवणाआधी की नंतर?" त्याने सवयीने विचारलं.

कोकिळाने बरणी दोन्ही हातांनी उचलली.

"आधी," ती म्हणाली.

दिवेलागणीला आबा आणि नाना पाटावर बसले. ताटं मांडलेली. आईच्या हातात भाताचं पातेलं. नानांनी फडताळातली बरणी बघितली, आज दही घट्ट दिसतंय म्हणाले आणि हात पुढे केला. आबांनी चष्मा लावला. ते घरातला कुठलाही छापील किंवा लिहिलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नसत.

"चुडामण, हात नको लाव. औषध शे ते," ते नानांना म्हणाले.

मग ते सुनेकडे वळले. एकोणीस वर्षांत ते तिच्याशी सरळ असं बोललेच नव्हते. निरोप कायम कोकिळाच्या किंवा नानांच्या तोंडून जायचा.

"बाई, पहिले तू खाई ले. मंग आमले वाढ."

आईने पातेलं खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. पट्टी बघितली, कोकिळाकडे बघितलं. कोकिळाने एकदम दप्तरात डोकं घातलं, भूगोल शोधायला. आता आई हसणार, म्हणणार हे तर साधं दही, घ्या हो तुम्ही.

पण आई स्टोव्हपाशी मांडी घालून बसली आणि वाटीत दही काढून घेतलं. दोन पुरुष रिकाम्या ताटांसमोर बसून राहिले. नाना ताटावर कोरलेली फुलं मोजत होते. आई खात होती. घाई न करता. बरणीतलं दही पहिल्या खाचेपाशी आलं होतं. चमचा चाटून तिने वाटी खाली ठेवली, बरणीचं झाकण घट्ट लावलं.

मग कोकिळाकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वेळी जरा आंबट मिळतं का बघ. मला आंबट आवडतं."